एलएसमध्ये फक्त डिरेक्टरी कशा पाहायच्या? आणि मोजणी एकने का चुकते?

प्रश्न
लिनक्स, बॅश (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम). एका ठिकाणी फायली आणि सबडिरेक्टरी मिसळलेल्या आहेत. मला फक्त सबडिरेक्टरींची नावं हवीत. यादी दाखवणारी `एलएस -एल *` ही कमांड दिली तर प्रत्येकीच्या आतला सगळा पसारा येतो. शिवाय ओळी मोजायला `एलएस -एल | डब्ल्यूसी -एल` दिलं तर ते एक आकडा जास्त दाखवतं.

उत्तर १
`एलएस -डी */` द्या. शेवटचा स्लॅश विसरू नका, त्याच्यामुळेच तारका (*) फक्त डिरेक्टरींना जुळते. तारकेच्या जागी नावं भरण्याचं काम बॅशचं. एलएसच्या हाती तयार नावं पडतात. डिरेक्टरीचं नाव मिळालं की एलएस आत शिरतं, तुमचा पसारा तिथूनच आला. -डी म्हणजे आत शिरू नको, नुसतं नाव दाखव.

जादा ओळ ‘टोटल’ची आहे. तो आकडा फायलींचा नाही, डिस्कवरच्या ब्लॉकांचा. मोजताना एलएसचं -एल काढा, डब्ल्यूसीचं राहू द्या. पाइपमध्ये (`|`) एलएस आपणहून ओळीला एकच नाव देतं.

उत्तर २
`*/` मध्ये टिंबाने सुरू होणाऱ्या डिरेक्टरी येत नाहीत, पण डिरेक्टरीकडे नेणाऱ्या सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) येतात. उलट हवं असेल तर:

`फाइंड . -मिनडेप्थ १ -मॅक्सडेप्थ १ -टाइप डी`

मिनडेप्थ गाळलंत तर ‘.’ स्वतःच यादीत येतं आणि मोजणी पुन्हा एकने वाढते.

प्रश्नकर्ता
जमलं, धन्यवाद. पण एका ठिकाणी `'*/': नो सच फाइल ऑर डिरेक्टरी` आलं. आणि खूप फायली असलेल्या ठिकाणी `एलएस *` म्हणतं ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’.

उत्तर १
तिथे एकही सबडिरेक्टरी नसणार. काहीच जुळलं नाही की बॅश `*/` तसंच पुढे पाठवतं आणि एलएस त्याच नावाची वस्तू शोधत बसतं.

दुसरी चूक कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मर्यादेची: तारकेतून भरलेली सगळी नावं मिळून एका कमांडला देता येतील त्यापेक्षा लांब झाली. `गेटकॉन्फ एआरजी_मॅक्स` देऊन बघा, लिनक्सवर सहसा २०९७१५२ बाइट, म्हणजे २ एमबी. तारका काढून नुसतं `एलएस` दिलं की प्रश्न मिटतो. तरीही बराच वेळ काहीच दिसलं नाही, तर -यू लावा (यू कॅपिटल). एरवी एलएस सगळी नावं वाचून, क्रम लावून मगच पहिली ओळ छापतं. -यूमुळे निदान क्रम लावणं वाचतं.

उत्तर ३
पुढे स्क्रिप्ट लिहिणार असाल तर कृपा करून एलएसचं आउटपुट तोडून नावं काढू नका. नावात स्पेस असू शकते, अगदी नवी ओळसुद्धा. सरळ `./*/` वर फॉर लूप (एकेक नाव घेऊन तेच काम करणं) चालवा आणि नाव धरणारं व्हेरिएबल डबल कोटात ठेवा. सुरुवातीचं `./` मुद्दाम आहे: नाव हायफनने सुरू होत असेल तर नुसत्या `*/` मुळे कमांड त्याला ऑप्शन समजते.