घोडा कमी असताना शैली दिसते
बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रॅम्सबद्दल, म्हणजे इंजिनांबद्दल, असं म्हटलं जातं की ताकद पुरेशी वाढली की शैली उरत नाही, सगळी इंजिनं एकच चाल शोधतात. समसमान पटावर हे बरंचसं पटतं. स्टॉकफिश आणि लीला ही दोन बलाढ्य इंजिनं नेहमीच्या सुरुवातीपासून भिडली की बहुतेक डाव बरोबरीत सुटतात, म्हणून तर टीसीईसी या इंजिनांच्या स्पर्धेत मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या ओपनिंग्ज (डावाच्या ठरवून दिलेल्या सुरुवातीच्या चाली) द्याव्या लागतात.

पण इंजिनाला एक घोडा कमी देऊन माणसाशी खेळायला बसवलं की चित्र पालटतं. स्टॉकफिश असं धरून चालतो की समोरचाही सर्वोत्तमच चाल खेळणार. त्या हिशेबात घोडा गेलेली प्रत्येक स्थिती हरलेलीच, मग मोहऱ्यांची मारामारी करून पट रिकामा करणं आणि गुंता वाढवणं यात त्याला फारसा फरकच वाटत नाही. लीलाचं घोडा कमी असलेल्या डावांसाठी वेगळं शिकवलेलं नेटवर्क नेमकं उलट वागतं: अदलाबदल टाळतं, वजीर पटावर ठेवतं, प्यादी अडकवून ठेवतं आणि समोरच्याला अवघड निर्णय घ्यायला लावत राहतं. ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावांत, त्याने ग्रँडमास्टरांनाही हरवलंय! माझ्या मते शैली म्हणजे समोरचा कुठे चुकेल याचा अंदाज, आणि इथे तो अंदाज हीच ताकद आहे. इंजिनांच्या आपसातल्या रेटिंगमध्ये ती मोजलीच जात नाही. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर लीलाचा हा बॉट (आपोआप खेळणारं खातं) माणसांशी खेळतो. एक डाव खेळा आणि तुमच्या घोड्याची आघाडी कितव्या चालीपर्यंत टिकते ते इथे जरूर लिहा.