मदत हवी आहे: सातविणीच्या सालीतलं अल्कलॉइड क्लोरोफॉर्ममध्ये उतरत नाही

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी सातवीण घेतली आहे. आमच्याकडे नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जाळून झाला, करीट फोडलं की आजी प्रत्येकाला सातविणीच्या सालीचा चमचाभर रस देते. तो घेतल्याशिवाय फोवांना (पोह्यांना) हात लावायचा नाही. पावसाळ्यात ताप आला तरी तोच रस. लहानपणी मी माडीवर लपून बसायचे. आता तो कडूपणा नेमका कशाचा, हे मला स्वतःच्या हातांनी शोधायचं आहे.

या सालीतलं मुख्य अल्कलॉइड (वनस्पतीतलं नायट्रोजनयुक्त, बहुधा कडू द्रव्य) एकिटामिन, एवढं वाचलं आहे. मलेरियासाठी काढलेल्या आणि कोविडच्या काळात पुन्हा पुढे आलेल्या आयुष-६४ या आयुर्वेदिक औषधातही सातवीण आहे, पण तिथे तिच्यासोबत कुटकी, किराईत आणि सागरगोटा असतात. त्यामुळे आजीच्या चमच्यात काय आहे, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

अडचण अशी. साल सावलीत वाळवून पूड केली. १०० ग्रॅम पुडीचा सॉक्सलेटमध्ये (गरम द्रावक पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या उपकरणात) मिथेनॉलने अर्क काढला. अर्काला ड्रॅगेनडॉर्फने (अल्कलॉइड ओळखायचं अभिकर्मक) छान नारिंगी अवक्षेप आला, तशाच मेयर अभिकर्मकानेही अवक्षेप आला. मग नेहमीचीच पद्धत: सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून गाळलं, अमोनियाने पीएच ९ ते १० वर नेलं, क्लोरोफॉर्मने तीनदा हलवून काढलं. क्लोरोफॉर्म उडवल्यावर बीकरच्या तळाशी जेमतेम डाग राहिला. उरलेलं पाणी पुन्हा आम्लधर्मी करून तपासलं, तर तिथे ड्रॅगेनडॉर्फ तितकाच नारिंगी! दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा हेच. शिवाय मधे फेसाचा एवढा जाड थर बसतो की दोन थर वेगळे व्हायला रात्र जाते.

दुसरा प्रश्न. जिवाणूंवरच्या चाचणीसाठी सर मिथेनॉलचाच अर्क वापरायला सांगतात, कारण बहुतेक शोधनिबंधांत तोच असतो. मला ते पटत नाही. आजी साल कुटते, थंड पाण्यात कोळते, गाळते आणि लगेच देते. आच लागत नाही. मिथेनॉलच्या अर्काने जिवाणू मेले म्हणून आजीचा रस गुणकारी ठरेल का? पण पाण्याचा अर्क ठेवला की दुसऱ्या दिवशी आंबतो, आणि आमच्या विभागात फ्रीझ ड्रायर (गोठवून सुकवायचं यंत्र) नाही. काय करावं?

प्रतिसाद १
अगं, तुझ्या हातून काही चुकलेलं नाही. एकिटामिन हे चतुष्क अल्कलॉइड आहे, त्याच्या नायट्रोजनवर कायमचा धनभार असतो. अमोनिया कितीही घाल, तो भार जात नाही, म्हणून ते पाणी सोडत नाही. नेहमीची पद्धत भार काढून टाकता येणाऱ्या अल्कलॉइडांसाठी आहे. तोच पाण्याचा थर एन-ब्युटेनॉलने काढून बघ. टीएलसीला (पातळ थरावर द्रव्यं वेगळी करायच्या चाचणीला) ब्युटेनॉल, ॲसिटिक आम्ल आणि पाणी ४:१:५ घेऊन वरचा थर वापर. क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये ठिपका तळालाच बसून राहील. फेस सॅपोनिनचा (साबणासारखा फेस करणाऱ्या वनस्पतिद्रव्यांचा) असावा. जोरात हलवू नकोस, हळू उलटसुलट कर, नाहीतर सेंट्रिफ्यूज लाव.

दुसऱ्या प्रश्नात मी तुझ्या बाजूने आहे. पाण्याचा अर्क रोज सकाळी ताजा कर, जिवाणूरोधक गाळणीतून गाळ आणि त्याच दिवशी लाव. एका ठरावीक आकारमानाचा अर्क सुकवून वजन घेतलंस की मात्रा कळेल. आगरमध्ये भोक पाडून करण्यापेक्षा मायक्रोडायल्यूशन (अर्क क्रमाने पातळ करत छोट्या खाचांत जिवाणूंवर तपासणं) कर. आगरमधून सगळी द्रव्यं सारखी पसरत नाहीत, मग वर्तुळाच्या व्यासावरून तुलना फसते. मिथेनॉलचा अर्कही ठेव, सरांचं मन राहील आणि तुलनाही होईल.

प्रतिसाद २
बाई, साल कुणी आणली? फांदी हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) ठेवलीस का? विचारतोय कारण सातविणीऐवजी काजऱ्याची (कुचल्याची) साल हाती लागली तर जिवावर बेतू शकतं. काजऱ्यात स्ट्रिक्नीन आणि ब्रुसीन ही विषारी अल्कलॉइडं असतात, आणि ड्रॅगेनडॉर्फ त्यालाही नारिंगीच होतो! सातविणीला खरवडलं की पांढरा चीक येतो, पानं झुबक्यानं असतात, बहुधा सात. काजऱ्याची पानं समोरासमोर असतात आणि चीक नसतो. पुडीवर तीव्र नायट्रिक आम्लाचा थेंब टाकून बघा, ब्रुसीन असेल तर लाल होईल. आणि दिवाळीच्या आसपास फुललेली फांदी वनस्पतीशास्त्र विभागात द्या, नुसत्या सालीवरून कोणी ओळख लिहून देणार नाही.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. साल आजीने आमच्या परसातल्या झाडाची स्वतः काढून दिली होती, चीक माझ्या हातांना लागला होता. नायट्रिकची चाचणी आजच केली, लाल नाही झालं. फुलांची फांदी मात्र ठेवली नव्हती, ती या आठवड्यात देते. ब्युटेनॉल सोमवारी मिळेल. आजी फोनवर रोज विचारते, 'कितें मेळ्ळें गो?' काही हाती लागलं की तिला सांगून लगेच इथे लिहिते.