चांगला चहा कशावरून ओळखायचा: नाव, चव की चोथा?

कोरा_चहा (धागाकर्ता)
डब्यावर मळ्याचं नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि 'एसएफटीजीएफओपी' अशी लांबलचक अक्षरं असली की आतला चहा उत्तमच, असं बरेच जण धरून चालतात. मला हे पटत नाही. ती अक्षरं पानाचा आकार आणि कळ्यांचं प्रमाण सांगतात, चवीची हमी देत नाहीत.

माझ्या मते चहाची खरी पारख भिजलेल्या पानात होते. गाळून झाल्यावर चोथा टाकू नका, पांढऱ्या बशीत पसरून उजेडात बघा. दोन पानं आणि कळी अजून एकाच कोवळ्या देठाला धरून आहेत, पानं अखंड उलगडली आहेत, बोटांत दाबली तर मऊ लागतात, म्हणजे खुडणी निगुतीने झाली आणि पान वळताना कोणी घाई केली नाही. जाड देठ, राठ पानं आणि चुरा यांची सरमिसळ दिसली तर डब्यावर काहीही छापलेलं असो, चहा सामान्यच. काळ्या चहाचा चोथा तांब्यासारखा उजळ हवा. मध्येच हिरवे चट्टे असतील तर ऑक्सिडेशन (हवा लागून पान तांबूस होणं) अर्धवट राहिलं. सगळाच काळपट, निस्तेज असेल तर ते लांबलं, किंवा वाळवताना आच जास्त लागली.

डोंगरउतार
असहमत. तांब्याच्या रंगाची ही कसोटी लावली तर दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश, म्हणजे वर्षातल्या पहिल्या खुडणीचा चहा, पहिल्याच फेरीत नापास होईल. मार्च-एप्रिलच्या त्या पानांचा चोथा हिरवटच असतो. कोमेजवतानाच त्यांतलं पाणी इतकं उडवतात की पुढे विकरांना (एन्झाइम्सना) पुरेसा ओलावा मिळत नाही आणि ऑक्सिडेशन अडतं. हे मुद्दाम केलेलं असतं, त्या चहाचा ताजा फुलांसारखा वास त्यामुळेच टिकतो.

आणि नाव इतकं गौण नाही हो. भारतातलं पहिलं भौगोलिक मानांकन दार्जिलिंग चहाला मिळालं, २००४ साली. सेकंड फ्लशचा, म्हणजे त्यानंतरच्या खुडणीचा, 'मस्कटेल' (मस्कट द्राक्षांसारखा) वास घ्या. तुडतुडे कोवळ्या पानांतला रस शोषतात, झाड स्वतःच्या बचावासाठी सुगंधी द्रव्यं तयार करतं, आणि त्यातून तो वास येतो. तैवानच्या 'ओरिएंटल ब्यूटी' या ऊलाँगचा (अर्धवट ऑक्सिडेशन केलेल्या चहाचा) मधासारखा गोडवाही तुडतुड्यांचीच देणगी. ती माती, ती हवा आणि तो कीटक कुठल्याही कारखान्यात आणता येत नाही.

कोरा_चहा
रंगाचं मी पूर्ण ऑक्सिडेशन झालेल्या चहापुरतं म्हणतोय. फर्स्ट फ्लश हिरवट असेना का, पण बशीतली सगळी पानं एका वयाची आणि एका जातकुळीची दिसायला हवीत.

तुडतुड्यांचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. रस शोषलेलं पान कोमेजवताना बिघडवलं की तो वास गेलाच. डोंगराने दिलेलं सांभाळायचं काम शेवटी माणसाच्या हातांचंच.

मोजमाप
तुम्ही दोघंही कप बाजूला ठेवून भांडताय. सीटीसीच्या, म्हणजे यंत्रात चिरडून-फाडून वळलेल्या चहाच्या, दाण्यांत अखंड पान नसतंच, म्हणून आसामचे सगळे सीटीसी चहा हीण ठरवणार का? त्यांच्यातही डावं-उजवं असतं, आणि ते जिभेलाच कळतं.

चाखायची रीतसर पद्धत आहे, आयएसओ ३१०३ हे आंतरराष्ट्रीय मानक. दर १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा, उकळतं पाणी, ६ मिनिटं. असा चहा पिऊन समाधान मिळावं हा हेतूच नाही. सगळ्यांना एकच माप लावलं की दोष लपत नाहीत, धुरकट, करपट, कुबट जे असेल ते वर येतं. मोठा भुरका मारायचा, म्हणजे हवेबरोबर वास नाकापर्यंत पोचतो. मग तुरटपणाकडे लक्ष द्या. चांगल्या काळ्या चहाचा तुरटपणा जिभेला तरतरी देऊन निघून जातो, वाईटाचा घशाशी चिकटून राहतो. कप गार होऊ द्या. जोरकस आसाम गार झाल्यावर गढूळ होतो, कारण थिआफ्लेविन (ऑक्सिडेशनमध्ये बनणारं रंगद्रव्य) आणि कॅफिन एकमेकांना धरतात. तो दोष नव्हे, कस असल्याची खूण आहे.

सायंतारा
मोजमाप, काळ्या चहापुरतं मान्य. पण ग्योकुरोला, त्या जपानी हिरव्या चहाला, उकळतं पाणी आणि ६ मिनिटं? हा त्या चहावर अन्याय आहे. खुडणीआधी साधारण २० दिवस त्या झुडपांवर सावली धरतात. उन्हात पानातल्या थिअनिन या अमिनो आम्लापासून कॅटेचिन नावाची तुरट द्रव्यं बनतात, म्हणजे तुरटपणा वाढतो. सावलीत थिअनिन शिल्लक राहतं आणि चहाला ती दाट, रसाळ 'उमामी' चव येते. ५०-६० अंशांच्या पाण्यात ती अलगद उतरते. उकळत्या पाण्यात कडूपणाच आधी पुढे येतो आणि चाखणारा नापासाचा शेरा मारून मोकळा!

सुगंधित चहाला कमी लेखणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. चांगल्या जॅस्मिन चहात रात्री उमलणारी ताजी फुलं पानांत मिसळतात, वास मुरला की काढतात, पुन्हा नवी फुलं घालतात. वरून अर्क फवारलेला चहा आणि हा एका पंगतीत बसवू नका.

पाणीपारखी
पाण्याबद्दल कोणीच बोलत नाहीये. जड (क्षारयुक्त) पाण्यात चहावर तवंग धरतो, रंग मळतो, वास दबतो. त्या पाण्यात केलेला चहा चाखून कुठल्याच पानाला वाईट म्हणू नये.

कोरा_चहा
पाण्याचं शंभर टक्के मान्य. सीटीसी मी या चर्चेत धरतच नाही, ते दाणे एकाच दमात भरपूर उतरावेत म्हणूनच बनतात. माझं बोलणं अख्ख्या पानाच्या चहाबद्दल आहे. त्याची परीक्षा दुसऱ्या पाण्यात घ्या. पहिल्या कपात वास बहुतेक चहांना असतो. त्याच पानांवर दुसऱ्यांदा पाणी ओतल्यावर उरला फक्त रंग, तर चहा वरवरचा. उत्तम ऊलाँगची गोळी झालेली पानं तर दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यात कुठे पूर्ण उघडतात.

डोंगरउतार
मग माझा फर्स्ट फ्लश इथेही नापास, कारण तो पहिल्याच पाण्यात जवळजवळ सगळं देऊन टाकतो. तरीही त्या एका कपासाठी मी तुमचं तिसरं पाणी सोडायला तयार आहे.