मदत हवी आहे: विंडोज उडवून उबुंटू टाकू का? (तातडीचं)

वैतागलेला बंड्या: प्रोजेक्टची पॅकेजेस उतरवायला एनपीएम इन्स्टॉल मारतो, चहा पितो, कप विसळून येतो, तरी चालूच. सोमवारी डेमो आहे. उबुंटू टाकू का? हो की नाही एवढंच सांगा.

लिनक्सवेडा: हो. पण लिनक्सच टाकायचं तर उबुंटू नको, मिंट टाक. आमच्या घरात २०१२ पासून विंडोज नाही. आईसुद्धा मिंटवरच वीजबिल भरते.

पंत: रॅम किती? एसएसडी आहे की जुनी फिरती डिस्क? विंडोज १० असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय.

वैतागलेला बंड्या: ११. रॅम ८ जीबी. एसएसडी. पत्रिका पण देऊ का?

मॅकवाली: मॅक घे, विषय संपव. आयफोनचं अ‍ॅप करायचं तर त्याला लागणारं एक्सकोड दुसरीकडे चालतच नाही.

लिनक्सवेडा: त्याने आयफोनचं नाव तरी काढलंय का? आणि सोमवारपर्यंत पैसे तू देणार?

निळा पडदा: तुमचं बरंय. आमच्याकडे प्रॅक्टिकलला अजून तो जुना टर्बो सी कंपायलर. आजच्या जीसीसी कंपायलरवर केलेलं दाखवलं तर सर म्हणाले, क्लियरस्क्रीन कुठंय?

पंत: बंड्या, कमांड कुठे मारतोस? विंडोजच्या पॉवरशेलमध्ये की डब्ल्यूएसएलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये?

वैतागलेला बंड्या: डब्ल्यूएसएलमध्ये. सगळे तेच वापरतात ना.

पंत: हे आधी सांगायचं रे! आणि प्रोजेक्ट?

वैतागलेला बंड्या: डेस्कटॉपवर. टर्मिनलात /एमएनटी/सी/ असं काहीतरी दिसतं.

पंत: सापडलं. लिनक्समधून तू विंडोजच्या डिस्कवर लिहितोयस. नोड मॉड्यूल्समध्ये, म्हणजे एनपीएम पॅकेजेस टाकतं त्या फोल्डरमध्ये, हजारो बारक्या फायली, आणि प्रत्येकीची दोन सिस्टिमच्या मधून ने-आण. सगळा कोड गिटवर पुश कर (चढव) आणि लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये नव्याने क्लोन कर (उतरव). नोड मॉड्यूल्स कॉपी करत बसू नकोस. मग त्या फोल्डरमध्ये 'कोड', जागा सोडून टिंब असं टाइप कर. व्हीएस कोड एडिटर तिथेच उघडेल. डब्ल्यूएसएल २ ला मर्यादा घातली नाहीस तर ते निम्म्यापर्यंत रॅम खातं, तेही डोक्यात ठेव.

शुद्धलेखक: डेमोत मराठी असेल तर मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या मशीनवर गिचमिड दिसतो.

लिनक्सवेडा: पंत, सरळ लिनक्सच टाकलं तर ही ने-आणच नाही.

पंत: खरंय. पण डेमोच्या दोन दिवस आधी पार्टिशन करायला सांगणारा मी नाही.

वैतागलेला बंड्या: ११ मिनिटांचं काम दीड मिनिटात!! पंत, पाय कुठे आहेत? पण आता पोर्ट ३००० आधीच वापरात आहे म्हणतंय. नवा धागा काढू?

पंत: जुन्या टर्मिनलात आधीचा सर्व्हर चालूच असेल. तिथे कंट्रोल सी मार.

लिनक्सवेडा: आणि मंगळवारी मिंट टाक.