'म्यूट'ला मराठीत काय म्हणावं? ('मुका' सोडून)

दुपारची_झोप: एका ॲपच्या मदतपानाचं मराठी करतेय. वाक्य साधं आहे: एखादा मित्र फारच पोस्ट करत असेल तर मैत्री न तोडता त्याला म्यूट करा. मी लिहिलं, 'मित्राला मुका करा'. तपासणाऱ्या बाईंचा शेरा आला: 'करा की घ्या?' दुसरा शब्द सुचवा. उद्या सकाळी द्यायचंय.

अनुस्वार: 'मुका'त चूक काय? संस्कृत मूक आणि लॅटिन म्यूटस हे भाऊबंदच मानले जातात. दुसरा मुका घेतात नाहीतर देतात, करत नाहीत. लोक फिदीफिदी हसतात म्हणून चांगला शब्द टाकून द्यायचा?

उंबरठा: पण अर्थच चुकतोय ना. मुका तो होतच नाही! तो बोलत राहतो, त्याला पत्ताही नसतो. बहिरे होतो आपण. म्हणून 'गप्प करा'सुद्धा बाद. 'कानाडोळा करा' बघा.

चहाटळ: कानाडोळा झकास. मूळ 'काणा डोळा', एक डोळा मिटून बघणं.

उंबरठा: कान आणि डोळा हो, दोन्ही. आमची आजी दोन्हींना हात लावून दाखवायची.

चहाटळ: आजीचा हात कोशात कसा छापणार?

शुद्धमती: 'निःशब्द करा' असा सरळ शब्द असताना ही सर्कस कशाला?

उंबरठा: 'तुझा फोटो पाहून निःशब्द झाले' असं लिहितात त्याखाली. ते कौतुक असतं. निदान तसं समजायचं असतं.

जुनी_वही: एका शब्दात बसणारच नाही. व्हॉट्सॲपवर म्यूट म्हणजे नुसती घंटी बंद, निरोप येतातच. इन्स्टाग्रामवर पोस्टच दिसेनाशी होते. आमच्या ग्रुपात एकाचा रतीब असतो: पहाटे सुविचार, मग धावण्याचा नकाशा, मग मांजर, मग मांजराला लाइक दिल्याबद्दल आभार. तिथे आठ तास, एक आठवडा की कायमचं असं विचारतात. मी 'कायमचं' दाबलं. (२०२० पर्यंत शेवटचा पर्याय वर्षाचा होता, म्हणजे वर्षाकाठी एकदा तरी दया यायची.) नंतर ग्रुप उघडायचंच राहिलं. तीन महिन्यांनी तो समोर आला तो हात गळ्यात बांधून. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाला, 'टाकलं होतं की ग्रुपवर.' एवढंच. पुढे हवापाण्यावर बोललो.

शुद्धमती: 'रतीब' अरबीतून आलाय, माहीत असेलच.

जुनी_वही: हो, आणि 'शाई' फारसीतून. लिहिणं थांबवू?

दुपारची_झोप: मग 'कानाडोळा' पक्का करू का? बटणावर मावेल का पण? शिवाय पुढच्याच ओळीत 'त्याच्या पोस्टी दिसणार नाहीत' आहे.

अनुस्वार: पोस्टी?! पोस्टा म्हणा. वीट-विटा, नोटीस-नोटिसा.

चहाटळ: भेट-भेटी, भिंत-भिंती. पोस्टीच.

शुद्धमती: 'पोस्ट्स' तेवढं लिहू नका. इंग्रजी शब्द घेतला तर घेतला, त्याचं अनेकवचन तरी आपलं असू द्या.

उंबरठा: म्हणजे 'बसेस'ही नको? बस-बसा केलं तर सगळे खाली बसतील.

चहाटळ: आणि बस-बशी केलं तर चहा ओतावा लागेल.

अनुस्वार: विनोद पुरे. नियम सांगा. अकारान्त स्त्रीलिंगी शब्दाला 'आ' कधी आणि 'ई' कधी?