ऑडी क्यू७ एअर सस्पेन्शन: जी२९१ प्रेशर सेंसरच गेलाय हे पक्कं कसं करायचं?

पौडरोड_टीडीआय

गाडी ऑडी क्यू७ (४एल), ३.० टीडीआय, २०११ ची. सस्पेन्शनचा पिवळा दिवा येतो. व्हीसीडीएसमध्ये (स्कॅनरचं सॉफ्टवेअर) ॲड्रेस ३४ ला, म्हणजे सस्पेन्शनच्या कंट्रोल युनिटला, कोड येतो: प्रेशर सेंडर जी२९१, इम्प्लॉजिबल सिग्नल, इंटरमिटंट (अधूनमधून). कोड पुसला की जातो, पण पाऊस झाला किंवा गाडी धुतली की परत हजर. तेवढा वेळ लिफ्ट मोड (गाडी उंच करणारा) घेत नाही. रात्रभर उभी राहिली तरी कुठलाही कोपरा बसत नाही. गॅरेजवाले म्हणतात, सेंसर सुटा मिळत नाही, अख्खा व्हॉल्व्ह ब्लॉक (हवा वाटणाऱ्या सगळ्या व्हॉल्व्हचा एकत्र ठोकळा) बदला. एवढे पैसे घालण्याआधी घरी काय तपासता येईल? मल्टिमीटर आणि बऱ्यापैकी हत्यारं आहेत.

स्पॅनर_१३

सेंसर ब्लॉकमध्येच बसवलेला असतो, त्यामुळे सुटा मिळत नाही हे खरं. पण "इम्प्लॉजिबल" म्हणजे "सेंसर खराब" नव्हे. कंट्रोल युनिटला जो दाब अपेक्षित होता तो दिसला नाही, एवढाच त्याचा अर्थ. गळती, दमलेला कॉम्प्रेसर, ड्रायरमधल्या सिलिका जेलची भुकटी व्हॉल्व्हमध्ये अडकणं, या सगळ्यांनी हाच कोड येऊ शकतो.

या सिस्टिममध्ये सेंसर एकच आहे. चार एअर स्प्रिंग आणि रिझर्व्हॉयर (हवेची टाकी), ज्याचा व्हॉल्व्ह उघडेल त्याचा दाब तो वाचतो. म्हणजे सेंसर खोटं बोलत असेल तर पाचही ठिकाणी बोलेल. एकाच कोपऱ्याचं रीडिंग विचित्र आणि बाकीची नीट, असं असेल तर सेंसरला सोडा. त्या कोपऱ्याचा व्हॉल्व्ह, नळी किंवा स्प्रिंग बघा.

स्कॅनरवरच होणारी एक चाचणी आधी करा. स्प्रिंगमधला दाब वजनावर ठरतो, उंचीवर जवळजवळ नाही. डिकीत ५० किलोच्या चार गोण्या ठेवा आणि मागच्या दोन्ही स्प्रिंगचे आकडे आधीचे-नंतरचे लिहा. मागच्या प्रत्येक चाकावर शंभरेक किलो वाढले आणि स्प्रिंगचं परिणामी क्षेत्रफळ ८० चौ. सेंमी धरलं, तर साधारण सव्वा बार वाढ दिसायला हवी. आकडा हललाच नाही तर सेंसर किंवा त्याची वायर संशयित. हलला, तर निदान तो जिवंत आहे. खरं बोलतोय का, ते गेजच सांगेल.

गेज कॉम्प्रेसरकडून व्हॉल्व्ह ब्लॉककडे येणाऱ्या नळीत टी (तीन तोंडांचा जोड) टाकून लावा. सेंसर त्याच गॅलरीत (ब्लॉकमधल्या हवेच्या सामाईक मार्गात) आहे, त्यामुळे एका टीवर सगळी रीडिंग मिळतात. नळीचा बाहेरचा व्यास आधी कॅलिपरने मोजा आणि टोक कटरने सरळ कापा, तिरकं कापलं की जोड गळतो. गेज ०–२५ बारचा घ्या. टायरवाल्याचा गेज इथे चालत नाही, रिझर्व्हॉयरला १६ बारपर्यंत म्हणजे २३२ पीएसआयपर्यंत दाब असू शकतो. न्यूमॅटिकच्या दुकानातले स्वस्त पुश-फिट जोड बरेचदा १० बारचेच असतात, तेव्हा रेटिंग विचारूनच घ्या.

नळी सोडण्याआधी जॅक मोड (सस्पेन्शनचं आपोआप लेव्हलिंग बंद करणारा) चालू करा, गाडी घोडीवर घ्या, स्कॅनरने गॅलरीची हवा सोडा आणि डोळ्यांवर चष्मा लावा. नुसत्या हवेच्या भरवशावर उभ्या गाडीखाली डोकं घालू नका.

मग तीन ठिकाणी तुलना करा: हवा सोडल्यावर शून्य, एखादी स्प्रिंग उघडून, आणि रिझर्व्हॉयर उघडून. गेज आणि लाइव्ह डेटा शेजारी शेजारी लिहा. फरक तिन्ही ठिकाणी सारखा आणि एक बारच्या आसपास असेल तर घाबरू नका, स्कॅनर ॲब्सोल्यूट दाब, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाबही धरून, दाखवत असू शकतो. पुण्याच्या उंचीवर हवेचाच दाब ०.९५ बारच्या आसपास असतो.

रिले_राजा

हे सगळं करण्याआधी बॅटरी आणि कॉम्प्रेसरचा रिले (जे४०३) बघा. कॉम्प्रेसर चालू असताना त्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा, बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त पडत असेल तर रिलेचे पॉइंट जळलेत. कॉम्प्रेसर गरम झाला की स्वतःच बंद होतो, चाचण्यांमध्ये त्याला निवायला वेळ द्या. आणि तीनशे-चारशे रुपयांच्या ब्लूटूथ डोंगलवर ॲड्रेस ३४ चा लाइव्ह डेटा मिळेल अशी आशा नको.

पौडरोड_टीडीआय

बॅटरी, रिले ठीक. गोण्या ठेवल्यावर मागचे दोन्ही आकडे वाढले. गाडी धुऊन, कोड आल्यावर घेतलेली रीडिंग:

गेज ० – स्कॅनर १.४
गेज ८.० (पुढची डावी) – स्कॅनर ८.९
गेज १२.० (रिझर्व्हॉयर) – स्कॅनर १२.६

एक बारच्या आसपासच आहे की. म्हणजे ॲब्सोल्यूटवालाच प्रकार ना?

वायर_आणि_सोल्डर

नाही. ॲब्सोल्यूट असतं तर फरक तिन्ही ठिकाणी एकच आला असता. तुमचा १.४, ०.९, ०.६ असा उतरतोय. ही खूण बहुतेक वेळा अर्थच्या वायरची.

असे सेंसर सहसा रेशिओमेट्रिक असतात, म्हणजे आउटपुट सप्लायच्या प्रमाणात. समजा ०.५ ते ४.५ व्होल्टमध्ये ० ते २० बार, बारला ०.२ व्होल्ट. सेंसरच्या अर्थ पिनवर गंजामुळे ०.३ व्होल्ट चढले तर शून्य दाबाला कंट्रोल युनिटला ०.५ ऐवजी ०.७७ व्होल्ट दिसतात, म्हणजे १.३५ बार जास्त. पण सेंसरला मिळणारे ५ व्होल्टही ४.७ वर आलेले असतात, त्यामुळे दाब वाढेल तशी चूक कमी होते: ८ बारला ०.८७, १२ बारला ०.६३. तुमचे आकडे याच्या शेजारी ठेवून बघा. शून्याची बैठकच सरकलेल्या सेंसरमध्ये फरक असा उतरत नाही. हवा सोडल्यावरही १.४ बार दिसत राहिला की इम्प्लॉजिबल कोड यायचाच.

मोजायचं असं: ब्लॉकचा कनेक्टर जोडलेलाच ठेवा, इग्निशन चालू, पिन नंबर तुमच्याच मॉडेलच्या वायरिंग डायग्राममधून घ्या. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल पिन कनेक्टरच्या मागून सेंसरच्या अर्थला. ५० मिलिव्होल्टपर्यंत चालेल. मीटरच्या कंटिन्युइटी बीपवर विसंबू नका. सेंसर जेमतेम १० मिलिअँपिअर घेतो, ०.३ व्होल्ट पडायला ३० ओम पुरतात, आणि बऱ्याच मीटरचा बीप ३० ओमलाही वाजतो. सेंसरचे ओमही मोजू नका, आत इलेक्ट्रॉनिक्स आहे, त्या आकड्याला अर्थ नाही. वायरच्या कव्हरात सुई खुपसू नका. पुढच्या पावसाळ्यात तिथूनच गंज सुरू होतो.

पौडरोड_टीडीआय

०.२९ व्होल्ट! कनेक्टर काढला तर अर्थच्या पिनवर हिरवा थर, शेजारचं रबर सील फाटलेलं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारल्यावर ०.०२ वर आलं, हवा सोडल्यावर स्कॅनर शून्य.

वायर_आणि_सोल्डर

नुसत्या क्लीनरवर थांबू नका, हिरवं पडलेलं टर्मिनल पुन्हा गंजतं. नवं टर्मिनल आणि सील घाला. वायर आतून काळी पडली असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा आणि नवा तुकडा गोंदवाल्या हीट श्रिंकमध्ये जोडा. सीलला थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा.

स्पॅनर_१३

टी काढल्यावर ते जोड साबणाच्या पाण्याने तपासा. उंचीचं कॅलिब्रेशन करायची गरज नाही, उंचीचे सेंसर तुम्ही हलवलेलेच नाहीत. कोड पुसून गाडी परत धुवा आणि तीच तीन रीडिंग घ्या.