‘तैनाती फौज’ म्हटलं तर काय बिघडलं?

गंगावेस:
राजारामपुरीतल्या एका क्लाससाठी चालू घडामोडींच्या नोट्स मराठीत उतरवतोय. विषय दक्षिण सुदान. ९ जुलै २०११ ला देश स्वतंत्र झाला. आदल्याच दिवशी सुरक्षा परिषदेनं ठराव १९९६ करून ७,००० पर्यंत सैनिक आणि ९०० पर्यंत पोलिसांची मोहीम मंजूर केली. (१९९६ हा ठरावाचा नंबर, साल नव्हे. पोरं हमखास फसतात.) मी लिहिलं, ‘नव्या देशाच्या मदतीला तैनाती फौज’. सरांनी लाल पेननं काट मारली. मॅन्डेटला ‘जनादेश’ लिहिलं, त्यावरही काट. तैनात केलेली फौज ती तैनाती नव्हे का?

शाहूपुरी३री:
सरांचं बरोबर आहे. तैनाती फौज म्हटलं की इंग्रजांचा गव्हर्नर जनरल वेलस्ली आणि १८०२ चा वसईचा तह. त्या फौजेचा खर्च दुसऱ्या बाजीरावाच्या माथी, त्यापायी मुलूख तोडून द्यावा लागला. इथं खर्च संयुक्त राष्ट्रांचे सभासद देश ठरलेल्या वरगणीतून भरतात. पैसा कुणाचा, तिथंच शब्द फिरतो.

मोडीवाला:
शब्दाचा काय दोष? तैनात मूळ अरबी, नेमणूक या अर्थाचा. जुन्या कागदांत तैनातजाबता सापडतो, म्हणजे नेमणुका आणि पगाराचा तक्ता. वेलस्लीनं शब्द बाटवला म्हणून आपण टाकायचा?

शुद्धपक्ष:
‘शांतिसेना’ लिहा, विषय संपला. ति ऱ्हस्व. ‘शांतीसेना’ लिहिणाऱ्याचे मार्क कापावेत.

शाहूपुरी३री:
विषय कसला संपतोय. विनोबांची शांतिसेना बिनहत्यारी. १९८७ ला श्रीलंकेत गेली तिलाही शांतिसेनाच म्हणायचे, आणि ती रणगाड्यांसकट होती. पोरांनी नेमकी कुठली समजायची?

रंकाळाकट्टा:
मुळात शांती की शांतता? आमच्यात वास्तूची होते ती शांत. गणपतीच्या आधी पोलीस ठाण्यात बसते ती शांतता कमिटी. शांती कमिटी म्हणून बघा, हवालदार हसंल.

टेंबलाईवाडी:
माझे चुलते फौजेतून तिकडं दक्षिण सुदानातल्या मलकालला होते. आजीला कुणी विचारलं की सांगायची, “ल्योक बंदोबस्ताला गेलाय.” तिच्या लेखी आफ्रिका आणि पंचगंगा घाट एकच. काकांची निळी टोपी अजून ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत आहे. बुटाच्या शिवणीतली काळी माती मात्र ते काढू देत नाहीत. मला बंदोबस्तच पटतो.

शुद्धपक्ष:
बंदोबस्त फारसी आहे.

रंकाळाकट्टा:
हवालदार पण.

टेंबलाईवाडी:
एक सांगायचं राहिलं. डिसेंबर २०१३ ला तिथं आपसात युद्ध पेटलं, तेव्हा माणसं पोरंबाळं घेऊन थेट संयुक्त राष्ट्रांच्या तळात शिरली. मे २०१४ च्या ठराव २१५५ नं मोहिमेचं कामच बदललं. नवं सरकार उभं करायला हातभार लावणं बंद, आधी लोकांना वाचवा. कारण मारणाऱ्यांत सरकारचे सैनिकही होते. तेव्हा गंगावेस, तुमची तैनाती राहू दे, ‘देशाच्या मदतीला’ हेच २०१४ नंतर चालत नाही. देश म्हणजे सरकार का माणसं?

गंगावेस:
हे सरांच्याही लक्षात आलेलं नाही. बरं, जनादेशाचं काय?

शाहूपुरी३री:
जनादेश मतपेटीतून निघतो. सुरक्षा परिषदेत १५ देश हात वर करतात, त्यात जन कुठला? ‘अधिदेश’ म्हणा.

रंकाळाकट्टा:
अधिदेश! झेरॉक्सवाला पण विचारंल काय हाय म्हणून. ‘नेमून दिलेलं काम’ लिवा की.

मोडीवाला:
नेमून दिलेलं म्हणजेच तैनात. आलात ना फिरून?

टेंबलाईवाडी:
जाता जाता, मलकालला आपल्या लोकांनी जनावरांचा दवाखानाही चालवला. तिकडं गाय म्हणजे सगळं, लग्नात हुंडाही गाईंचाच, आणि तो मुलाकडून.

रंकाळाकट्टा:
मग हुंडा कसा म्हणता? मुलाकडून जातं ते देज.

मोडीवाला:
देज की द्याज? आमच्याकडं द्याज.

शुद्धपक्ष:
दोन्ही अशुद्ध. वधूशुल्क.

गंगावेस:
अहो, नोट्स उद्या सकाळी झेरॉक्सला द्यायच्यात.

मोडीवाला:
द्याजच. माझ्या पणजीच्या लग्नाचा कागद आहे घरी, फोटो टाकतो.